बापासमोर सांगता येईल ते

पडद्यावर नायकाने नायिकेचा हात धरला की आक्का उठायची. घाई नाही, गडबड नाही. गुडघ्यावर हात टेकून उभी राहायची, टीव्हीपुढे जायची आणि दोन्ही हातांनी पदर पसरून, आमच्याकडे पाठ करून थांबायची. आम्हाला दिसायचं ते फक्त हिरवं लुगडं आणि वर तिचा सुपारीएवढा अंबाडा. मागे गाणं चालूच.

“आक्का, आमाला दिसंना!” पोरं ओरडायची.

“आवाज यतोय न्हवं? ऐका. चित्र मी बघती.”

आणि ती खरोखरच बघायची. शेवटच्या कडव्यापर्यंत, मान जराशी वाकडी करून, निवांत. एकदा बंट्याने धीर करून विचारलं, “आक्का, मग तुमी कसं काय बघता?”

“माझं काय बिघडायचं व्हतं ते कवाच बिघडून झालंय,” ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. वस्तीत ते कुणी घेतही नसे. म्हाताऱ्यांपासून रांगत्या पोरांपर्यंत ती सगळ्यांची आक्का. पुणे-नगर रस्त्यालगत, सुप्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमची वस्ती. आक्का रस्त्यावरच्या एका ढाब्यावर भाकऱ्या थापायला जायची आणि दुपार कलली की परत यायची. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला. तिची खोली विहाराच्या भिंतीला लागून. एवढ्याच कारणाने टीव्हीची किल्ली तिच्याकडे आली.

टीव्ही वस्तीचा होता, पंचायत समितीकडून मिळालेला. विहाराच्या कोपऱ्यात लाकडी पेटीत बसवलेला, पेटीला दोन दारं आणि दाराला पितळी कुलूप. सुरुवातीला किल्ली तरुण मंडळाकडे होती. पण क्रिकेट चालू असलं की ती सापडायची आणि बायकांनी मालिका लावायला सांगितली की हरवायची. दोनतीनदा मारामारी झाली. शेवटी बैठकीत कुणीतरी म्हणालं, “आक्काकडं द्या. तिला क्रिकेट कळत न्हाई आन् मालिकेत रडू यत न्हाई.” ठराव एकमताने पास झाला. तोवर आमच्या वस्तीत एकमताने पास झालेला तो बहुधा एकमेव ठराव असावा.

पोरांनी काय बघावं याचा आक्काचा एकच नियम होता. “बापाम्होरं सांगता यील ते बघायचं.”

नियम नुसता तोंडी नव्हता. कार्यक्रम संपला की ती पेटीची दारं लावायची आणि विहाराच्या पायऱ्यांवर येऊन बसायची. तोवर एमआयडीसीतून, शेतातून, खडी क्रशरवरून माणसं परतलेली असायची, हातपाय धुऊन पायऱ्यांवर टेकलेली असायची. मग आक्का पोरांच्या घोळक्यावर नजर फिरवायची, एकावर बोट ठेवायची आणि म्हणायची, “ऊठ. सांग.”

त्याने उठायचं आणि जे पाहिलं ते सगळं, सुरुवातीपासून, मोठ्यांसमोर सांगायचं. बोट कुणावर पडेल हे आधी ठाऊक नसायचं, म्हणून सगळेच लक्ष देऊन बघायचे. मारामाऱ्या सांगणारे बहाद्दर होते, ते सांगता सांगता पायरीवरून उड्या मारायचे. रडक्या आईचा आवाज काढणारे होते. अडचण यायची ती आक्काचा पदर पोचायच्या आत काही दिसलं तर. बंट्याच्या बाबतीत एकदा तसं झालं.

“मग ती दोघं बागंत गेली,” बंट्या म्हणाला. “मग बोलत बसली. लई येळ बोलत बसली.”

“काय बोलली?” त्याच्या वडिलांनी विचारलं.

बंट्याने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. “ऐकू आलं न्हाई. ती फुलाआड व्हती.”

पायऱ्या हसून हसून लोळल्या. पुढच्या आठवड्यात बंट्या स्वतःच आक्काला म्हणाला, “आक्का, बाग आली. उठा लवकर.”

आता यात मी कुठे होते ते सांगते, कारण मी आक्काची विरोधक होते.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील नगरच्या सभांना जायचे आणि खिशात घडी करून पत्रकं आणायचे. पिवळी, गुलाबी, पातळ कागदावरची. मी अक्षरं शिकले ती त्यांवर. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ हे मला ‘कमळ’च्या आधी वाचता यायचं. त्यामुळे नगरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला गेले तोवर माझी काही मतं पक्की झाली होती. कुलूप दिसलं की माझं डोकं फिरायचं. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या पाण्यापासून, शाळेपासून, पोथीपासून लांब ठेवलं, त्याच समाजाने आपल्या पोरांपुढे आणखी एक कुलूप लावावं? आजही मला हे पटत नाही. तेव्हा तर मी पेटूनच उठले.

मी कार्बन लावून पत्रकं काढली. मथळा होता: ‘कुलूप तोडा! ज्ञानावर पहारा कशासाठी?’ चिकटवायला खळ हवी होती आणि आमच्या घरी पीठ संपलं होतं. मी आक्काकडे गेले.

“खळ कशाला गं?”

“पत्रक लावायचंय.”

“कुनाच्या इरोधात?”

“तुमच्या.”

आक्काने डब्यातून मूठभर पीठ काढलं आणि माझ्या भांड्यात घातलं. “मंग घट्ट शिजीव. पातळ खळीचं पत्रक वाऱ्यानं पडतं.”

पत्रक विहाराच्या दारावर लागलं. त्या संध्याकाळी सिनेमा संपल्यावर आक्काने नेहमीसारखं बोट ठेवलं ते संगीवर, आणि म्हणाली, “आज सिनेमा नगं. ते दारावरचं वाच. मोठ्यानं.”

संगी आठवीत होती, सुप्याच्या हायस्कुलात जायची. तिने माझं पत्रक असं वाचलं, की मला स्वतःलाच टाळ्या वाजवाव्या वाटल्या. आक्का डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “झ्याक लिवलंय. आता पत्रकवाली, तू ऊठ. तुजं काय म्हननं हाय ते सांग.”

मी उठले. माझ्याकडे मुद्दा होता आणि तो बिनतोड होता. “आक्का, बापासमोर सांगता येत नाही, पण मुलीला कळायलाच हवं, असं काही असलं तर? ते कुठं बघायचं?”

“असं काय अस्तं?”

मी तोंड उघडलं. समोरच्या पायरीवर माझे वडील बसले होते, कौतुकाने माझ्याकडे बघत. त्यांच्या शेजारी दोन्ही काका. मी तोंड मिटलं.

“बस खाली,” आक्का म्हणाली. ती चिडवत नव्हती. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली एवढंच.

जे मला सांगता आलं नाही ते पुढे संगीने सांगितलं.

संगीची एक खासियत होती. बाकीची पोरं सिनेमा सांगायची, संगी मधल्या जाहिरातीही सांगायची. साबणाची बाई कशी हसली, चहाचा कप कुणी कुणाला दिला, सगळं क्रमाने, एक न गाळता. तिचा बाप किसन एमआयडीसीत हमालीला होता. पोरीचं सांगणं ऐकायला तो आपल्या बरोबरच्या दोघातिघांना घेऊन यायचा. “माझी संगी जाहिरात बी सोडत न्हाई,” तो छाती काढून म्हणायचा. “टीव्हीवाल्यांनी हिलाच पगार दिला पायजे.”

त्या रविवारी सिनेमाच्या मध्यावर विहारात शेळी शिरली. आक्का तिला हाकलायला उठली आणि नेमकी तेव्हा एक जाहिरात लागली. सिनेमा संपला, सगळे पायऱ्यांवर आले आणि आक्काचं बोट संगीवर पडलं.

संगीने कथा सांगितली. मध्यावर आली. “मग जाहिराती लागल्या. एका बाईनं कापसाच्या घडीवर निळं पानी वतलं. घडी वरून कोरडीच ऱ्हायली. मग एक पोरगी पांढरी पँट घालून पायऱ्यांवरनं उड्या मारीत गेली, आन् तिची आय हसली.” संगी थांबली. मग तिने खऱ्या कुतूहलाने विचारलं, “आक्का, ते कशाला अस्तं?”

बायकांनी पदर तोंडावर घेतले. पुरुषांपैकी काहींना समजलं होतं आणि काहींना शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून समजलं.

किसन उठला. त्याच्या बरोबर आलेले दोघे चपला शोधायला लागले होते. त्याने संगीचा दंड धरला. “टीव्ही बंद. आजपून. आन् शाळा बी बंद. तिथंच शिकून यती असलं.”

“शाळंत न्हाई ओ दादा, टीव्हीत—”

“चल म्हनलं ना!”

ती गेली. वळून बघत गेली, आक्काकडे. तिला कळतच नव्हतं की आपलं चुकलं काय. तिला सांगितलं होतं तसं तिने केलं होतं. जे बघितलं ते बापासमोर सांगितलं होतं.

सोमवारी संगी शाळेत गेली नाही. मंगळवारीही नाही. चारदोन बाप एकत्र आले आणि आक्काकडे किल्ली मागायला गेले. आक्का म्हणाली, “देते. रविवार जाऊ द्या, मंग न्या.”

बुधवारी ती आमच्या घरी आली. मी किसनच्या विरोधात पत्रक लिहायला बसले होते आणि मथळ्यात तीन उद्गारचिन्हं घालून झाली होती.

“पत्रकवाली, तुजं खरं निघालं,” ती उंबऱ्यावर टेकत म्हणाली. “बापाम्होरं सांगता यीना आन् कळल्याबिगर भागंना, असलं अस्तं.”

“मग तुमचा नियम चुकीचा आहे, आक्का. सोडून द्या.”

बोटांना भाकरीचं पीठ वाळून चिकटलं होतं, ते ती नखाने खरवडत होती.

“पोरगी सांगती हुती की नीट,” ती शेवटी म्हणाली. “तिला कुटं अवघड गेलं? अवघड गेलं ते ऐकनाऱ्याला.” मग माझ्या कागदाकडे बोट केलं. “ते फाड. दुसरं लिव. मी सांगती.”

दुसऱ्या दिवशी विहाराच्या दारावर घट्ट खळीने पत्रक लागलं: ‘येत्या रविवारचा सिनेमा फक्त आईबापांनी बघायचा आहे. मुलांना आत सोडले जाणार नाही.’ खाली आक्काची सही, ती तिने सावकाश, जीभ दातात धरून केली.

बापांना हे फार आवडलं. पोरांची कलकल नाही, पुढे बसायला जागा, मधे पदर नाही. धुतलेले सदरे घालून माणसं आली. किसनही आला, कारण पत्रकात पोरांना बंदी होती आणि हे त्याच्या मनासारखंच होतं. बायका मागे बसल्या. दार लागलं. पोरं बाहेर पायऱ्यांवर चडफडत बसली.

आक्काने मला हळूच सांगितलं होतं, “संगीला घिऊन ये. बघाया न्हाई म्हनावं, ऐकाया ये. बापानं ऐकायला कुटं बंदी केलीया?”

त्या दिवशी आक्काने पदर पसरला नाही, हे मी दाराच्या फटीतून बघितलं. धबधबा आला, बाग आली, जाहिराती आल्या. ती भिंतीला टेकून, टीव्हीकडे न बघता, बापांच्या चेहऱ्यांकडे बघत बसली होती.

सिनेमा संपला. आक्काने पेटीची दारं लावली, विहाराचं दार उघडलं आणि बाहेरच्या पोरांना हाक मारली. “या रं आत. बसा म्होरं.” पोरं घुसली. पुढे पोरं, मागे आईबाप. कुणाला काही उमगायच्या आत आक्काने बोट ठेवलं.

“किसना. ऊठ. सांग.”

“काय सांगू?”

“बघितलं ते. पोरांम्होरं.”

किसन हसत हसत उठला. त्याला वाटलं गंमत आहे. सुरुवात त्याने अशी झोकात केली, की संगीचं सांगणं कुठून आलं ते सगळ्यांना समजलं. गुंड आले तेव्हा त्याने आवाज घोगरा केला, मोटारसायकल आली तेव्हा तोंडाने फटफट केलं. पोरं खूश. मग धबधबा आला.

“मग… ती दोघं गानं म्हनली.”

“कसं?” आक्काने विचारलं.

“तोंडानं.”

पोरं फुटली. किसनने घाम पुसला आणि एका उडीत गाणं ओलांडून तो मध्यावर आला.

“मग मधी जाहिराती.”

“त्या बी सांग. तुजी संगी सांगती तशा. एक सोडायची न्हाई.”

“साबन. चहा पावडर. त्ये आपलं… सायकल.” तो थांबला. आज ती जाहिरात पुन्हा लागली होती, आणि आत बसलेल्या प्रत्येकाने ती पाहिली होती. “झालं. यवढ्याच.”

“किसना.”

किसन खाली बघू लागला. मागून बंट्या पुटपुटला, “निळं पानी,” आणि त्याच्या आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. किसनने एकदा तोंड उघडलं, मिटलं. समोर पहिल्या रांगेत संगी मांडी घालून बसली होती. ती बापाला मान हलवून धीर देत होती, जसा तो तिला द्यायचा.

“तिनं बघितलं ते सरळ सांगितलं,” आक्का म्हणाली. आवाज चढवला नव्हता. “तुला बघितलेलं सांगता यीना. मंग दोघातलं शाळंत कुनी जायाचं?”

मग मागून एक म्हातारा ओरडला, “किसना, दप्तर घे!” आणि छप्पर उडेल असं हसू उसळलं. बाया हसल्या, पोरं हसली, किल्ली मागायला गेलेले चारदोन बापही हसले. पुढचं बोट आपल्यावर पडणार ही भीती त्यांच्या हसण्यात मला स्पष्ट ऐकू आली. आणि मग किसनही हसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून, खांदे हलवत.

हसू ओसरल्यावर तो म्हणाला, “जाईल ती सकाळी शाळंत. पन आक्का, तिनं इचारलं ते तुमीच सांगा तिला. माझ्याच्यानं व्हायाचं न्हाई.”

“मी कशाला? तिला आय हाय.”

सगळ्यांनी वळून बघितलं. संगीची आई शेवटच्या ओळीत होती. चारचौघांत तिचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. ती उठली, लोकांच्या मधून वाट काढत पुढे आली आणि संगीच्या डोक्यावर हात ठेवला. “चल घरी. सांगते.” जाता जाता नवऱ्याकडे बघून म्हणाली, “तुमी जरा दमानं या.”

किल्लीचं नाव नंतर कुणी काढलं नाही. नियम मात्र थोडा बदलला. महिन्यातून एकदा आईबापांनी बघायचं आणि पोरांसमोर सांगायचं, असं ठरलं. हा आमच्या वस्तीचा एकमताने पास झालेला दुसरा ठराव, पण या वेळी मतं फक्त पोरांनी दिली.

आता केबल आली आहे. ज्यांना जमलं त्यांनी घरात स्वतःचे टीव्ही घेतले. मध्यंतरी सुप्याच्या एका दुकानदाराने मला नवा टीव्ही दाखवला. रिमोटवर आकडे दाबले की पोरांसाठी टीव्ही बंद. “एकदम सेफ, ताई,” तो म्हणाला. शेजारी त्याचा दहा वर्षांचा मुलगा उभा होता. बाप आकडे विसरला तेव्हा ते त्यानेच सांगितले. हे कुलूप आक्काच्या कुलपाहून वाईट आहे असं माझं ठाम मत आहे, आणि यावर पत्रक काढायची वेळ आली तर मी काढेन. या कुलपामागे कुणी माणूस बसलेला नाही. त्याला विरोध करायला गेलं तर ते खळीसाठी पीठ देणार नाही, आणि आपलं चुकलं हेही त्याला बुधवारी येऊन म्हणता येणार नाही.

आक्का गेल्या उन्हाळ्यात गेली, कुणाला न सांगता, झोपेतच. मी तेव्हा नगरला होते. वस्तीत आले की लोक तिच्या गोष्टी सांगतात. तुमच्याही गावात असं कुणी असेल, ज्याच्याशी तुम्ही मनापासून भांडलात आणि ज्याच्याशिवाय भांडणात राम राहिला नाही. मला ती आठवते ती त्या रविवारच्या संध्याकाळची, सगळे पांगल्यानंतरची.

किसन आपल्या घरापर्यंत आला होता, पण दार लोटलेलं होतं आणि आतून दोघींच्या बोलण्याचा बारीक आवाज येत होता. तो बाहेरच्या दगडावर बसला. आक्का तिथून जात होती, तीही त्याच्या शेजारी टेकली. मी आमच्या अंगणातून बघत होते.

“जाऊ का आत?” त्याने विचारलं.

“थांब. त्यांचं हू दे.”

दोघं बसून राहिली. आतून संगी काहीतरी विचारायची, मग तिची आई बोलायची, मधेच दोघी हसायच्या. हसू आलं की किसन दाराकडे बघायचा आणि पुन्हा रस्त्याकडे. थोड्या वेळाने आक्का उठली, लुगडं झटकलं आणि चूल पेटवायची म्हणून निघून गेली. तो एकटाच राहिला. शेवटी दार उघडलं, संगीच्या आईने डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, “या आता.”

किसनने चपला नीट जोडीने बाहेर काढून ठेवल्या, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि पाहुण्यासारखा वाकून आपल्याच घरात शिरला.